मोटारीशिवाय समुद्रकाठी: लग्नाच्या वाढदिवसाच्या निवांत सहलीची आखणी

लग्नाच्या वाढदिवसासाठी दोन-तीन दिवस समुद्रकाठी जाऊन राहायचे ठरते, स्वतःची मोटार नसते किंवा न्यायची नसते, आणि तरीही पुष्कळ जोडपी सहल आखतात ती मोटारीने जाणाऱ्यांसारखीच: सकाळी एक किनारा, दुपारी दीपगृह, संध्याकाळी दहा किलोमीटरवरचा दुसरा किनारा, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यासाठी बस नाहीतर टॅक्सी. अशा सहलीत निम्मा वेळ थांब्यावर उभे राहण्यात जातो आणि उरलेला घड्याळाकडे पाहण्यात. येथे सुचवलेली पद्धत याच्या उलट आहे. पाहायच्या ठिकाणांची यादी आधी करू नये. आधी अशी एक खोली शोधावी, जिच्या दारातून निघून पंधरा मिनिटांत समुद्र, जेवणाची सोय आणि परतीचे वाहन ही तिन्ही पायी गाठता येतील. ती सापडली की आखणीचे अवघड काम संपले असे समजावे. सापडली नाही, तर ते गाव कितीही सुंदर असले तरी या खेपेला सोडून द्यावे.

आधी दिवस, मग अंतर

खोली साधारणपणे दुपारी ताब्यात मिळते आणि निघायच्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत सोडावी लागते. याचा सरळ हिशेब असा, की एका रात्रीच्या मुक्कामात पूर्ण दिवस एकही मिळत नाही, दोन रात्रींत एक मिळतो आणि तीन रात्रींत दोन. सार्वजनिक वाहनांनी प्रवास करताना एक रात्र जवळजवळ वाया जाते, म्हणून दोन रात्री हा किमान मुक्काम धरावा आणि जमल्यास तीन कराव्यात. वाढदिवसाची तारीख मधल्या पूर्ण दिवशी येईल असे पाहावे. त्या दिवशी प्रवास ठेवू नये. ती तारीख जोडून आलेल्या सुट्ट्यांत सापडत असेल, तर सहल आठवडाभर पुढेमागे करण्यात काहीही बिघडत नाही, कारण गर्दीच्या दिवसांत बस भरून जातात, टॅक्सी मिळत नाहीत आणि मोटार नसलेल्यांना त्याचा फटका सर्वांत आधी बसतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत किती तास लागतात आणि वाहन किती वेळा बदलावे लागते, हे दोनच आकडे कामाचे आहेत. तीन रात्रींच्या सहलीसाठी एका बाजूचा प्रवास पाच तासांच्या आत आणि बदल दोनपेक्षा जास्त नसावेत, हा माझा ढोबळ निकष आहे. दर बदलागणिक वाट पाहणे, सामान उचलणे आणि पुढचे वाहन चुकण्याची भीती वाढते. तीन तासांत दोनदा बदल असलेल्या प्रवासापेक्षा थेट जाणारा चार तासांचा प्रवास कमी थकवणारा ठरतो.

गाव कसे निवडावे

मोटार नसलेल्यांच्या दृष्टीने समुद्रकाठची गावे तीन प्रकारची असतात. काही ठिकाणी रेल्वे स्थानक किनाऱ्यापासून चालण्याच्या अंतरावर असते, काही ठिकाणी स्थानकावर उतरून पुढे बस धरावी लागते, आणि काही ठिकाणी बोटीनेच जाता येते. पहिल्या प्रकाराला अर्थातच प्राधान्य द्यावे. दुसऱ्या प्रकारात रेल्वे आणि बस यांच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या आहेत का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसऱ्या प्रकाराचा विचार मात्र आवर्जून करावा, कारण पुष्कळ लहान बेटांवर मोटार असून उपयोग नसतो आणि तिथली सारी व्यवस्था चालणाऱ्यांसाठीच उभी राहिलेली असते. ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे. इंग्लिश खाडीतल्या सार्क बेटावरही मोटारी चालत नाहीत, तिथे लोक सायकलने, घोडागाडीने नाहीतर पायी फिरतात. अशा ठिकाणी मोटार नसलेला प्रवासी कुणापेक्षाही उणा नसतो, आणि निवांतपणाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

गाव निवडताना नकाशा कसा वाचावा, याकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे. जाहिरातीत लिहिलेले ‘किनाऱ्यापासून ५०० मीटर’ हे अंतर पुष्कळदा सरळ रेषेत मोजलेले असते. मध्ये खाडी, कडा किंवा रेल्वेमार्ग आला तर तेच दोन किलोमीटर होते. म्हणून नकाशाच्या अ‍ॅपमध्ये खोलीपासून किनाऱ्यापर्यंतचा पायी जाण्याचा मार्ग प्रत्यक्ष काढून पाहावा, आणि त्याच वेळी उंचीतला फरकही तपासावा. इटलीतल्या चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावरची पाच गावे रेल्वेने जोडलेली आहेत आणि मोटारीशिवाय फिरण्याचे ते उत्तम उदाहरण मानले जाते. तरी त्यांपैकी कॉर्निल्या हे गाव समुद्रापासून सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे आणि खाली असलेल्या स्थानकापासून गावात जाणाऱ्या जिन्याला पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. नकाशावर हे अंतर अगदी किरकोळ दिसते. उपग्रहावरून घेतलेले छायाचित्र उघडून रस्त्याला पदपथ आहे का, किनारा वाळूचा आहे की खडकाळ, आणि रात्री परतताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, हेही बघून घ्यावे. सपाट रस्त्यावर माणूस तासाला चार ते पाच किलोमीटर चालतो, म्हणजे पंधरा मिनिटांचा रस्ता सुमारे एक किलोमीटरचा झाला. सामान हाती असेल, तर तेच अंतर अर्धे धरावे.

खोली हाच खरा मुक्काम

मोटारीने आलेले लोक खोलीत झोपण्यापुरते येतात. मोटार नसलेल्यांचा दिवसाचा बराच वेळ खोलीत, बाल्कनीत आणि आसपासच्या रस्त्यांवर जातो, म्हणून इंधन, टोल आणि पार्किंग यांचे वाचलेले पैसे खोलीची जागा आणि तिच्यातून दिसणारा समुद्र यांवर खर्च करावेत, असे मला वाटते. मोठी खोली किंवा जलतरण तलाव यांपेक्षा समुद्राकडे उघडणारी लहानशी बाल्कनी अशा सहलीत कितीतरी अधिक उपयोगाची असते. पावसाचा दिवस निघाला तर सहल तीच वाचवते.

आरक्षण करण्याआधी फोन करून किंवा लिहून काही प्रश्न विचारावेत. स्थानकावरून किंवा थांब्यावरून घ्यायला कुणी येऊ शकते का. बस उशिरा पोहोचली तर रात्री दार उघडायला माणूस असतो का. खोली मिळण्याआधी आणि सोडल्यानंतर सामान ठेवता येते का. रात्रीचे जेवण तिथेच मिळते का, आणि नसल्यास पायी जाण्याच्या अंतरावरच्या उपाहारगृहांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते. खोलीपर्यंत जिने किती चढावे लागतात. सामान ठेवण्याचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात, पण मोटार नसताना डिकीही नसते, आणि सकाळी दहाला पोहोचून दुपारी दोनपर्यंत बॅगा ओढत हिंडणे हा सहलीचा फार वाईट प्रारंभ आहे. लग्नाचा वाढदिवस आहे हेही याच वेळी सांगून टाकावे. त्याबरोबर एकच नेमकी विनंती करावी, जसे की वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. ‘काहीतरी खास करा’ असे मोघम सांगितल्याने यजमानही गोंधळतात.

बाल्कनीतून सूर्यास्त दिसेल असे सांगितले असेल, तर तेही पडताळून पाहता येते. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो विषुवदिनांच्या सुमारास, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबर यांच्या आसपास. एरवी तो ऋतूनुसार उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकतो, आणि विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके हे सरकणे वाढते. त्यामुळे उन्हाळ्यातल्या छायाचित्रात समुद्रात बुडणारा सूर्य हिवाळ्यात शेजारच्या डोंगरामागे जाऊ शकतो. किनारा पूर्वेकडे तोंड करून असेल तर नाराज होण्याचे कारण नाही. तिथे सूर्योदय समुद्रातून होतो, आणि पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेलाच उगवत असल्याने संध्याकाळही रिकामी जात नाही.

वेळापत्रके आणि तिकिटे

अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या बसच्या वेळा वाहतूक संस्थेने पुरवलेल्या माहितीवर अवलंबून असतात आणि ती जुनी असू शकते. पर्यटनाचा हंगाम संपला की किनारी भागांतल्या फेऱ्या अनेकदा निम्म्यावर येतात, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी वेगळे वेळापत्रक लागू असते. म्हणून आपल्या नेमक्या तारखेची वेळ संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावी आणि खोलीच्या यजमानाकडूनही खात्री करून घ्यावी. स्थानिक माणसाला जे ठाऊक असते ते पुष्कळदा कुठेच लिहिलेले नसते. वेळापत्रकाचे छायाचित्र फोनमध्ये आणि एक प्रत कागदावर ठेवावी, कारण किनाऱ्यावरच्या वळणावळणांच्या भागात इंटरनेट मिळेलच असे नाही.

यानंतर एक नियम कटाक्षाने पाळावा: शेवटची बस आपली नाही, तिच्या आधीची आपली. शेवटची बस हाताशी राखून ठेवलेली असली की आधीची चुकल्यावरही माणूस शांत राहतो. शेवटचीवरच भिस्त असेल, तर संध्याकाळभर तिचीच चिंता मनात राहते. वाहन बदलायचे असेल तर दोहोंमध्ये अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवावा. शक्य असेल तिथे संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे, कारण पहिले वाहन उशिरा आल्याने पुढचे चुकले, तर एकाच तिकिटावर पुढच्या फेरीने जाण्याची सोय अनेक ठिकाणी मिळते. वेगवेगळी काढलेली तिकिटे असतील तर ती जबाबदारी सहसा कुणी घेत नाही.

लहान गावांत अ‍ॅपवर टॅक्सी मागवता येईल असे गृहीत धरू नये. यजमानाकडून दोन टॅक्सीचालकांचे क्रमांक आधीच घ्यावेत आणि पोहोचण्याच्या व निघण्याच्या दिवसाची टॅक्सी ठरवून ठेवावी. मोटार न वापरण्याचा अर्थ टॅक्सीला हात लावायचा नाही असा मुळीच नाही. सामान घेऊन भर उन्हात दोन किलोमीटर चालत जाण्यात कसलाही मोठेपणा नाही.

बोटीचा प्रवास असेल, तर वारा आणि लाटा वाढल्यावर फेऱ्या रद्द होतात, हे मान्य करूनच आखणी करावी. आकाश स्वच्छ असतानाही दूरवरच्या वादळातून आलेल्या लाटांमुळे धक्क्याला बोट लागू शकत नाही. परतीची बोट आणि पुढची आरक्षित रेल्वे एकाच सकाळी ठेवू नयेत. मध्ये एक रात्र मुख्य भूमीवर काढता आली तर सर्वांत उत्तम. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने मधल्या भागात, खालच्या बाजूला बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

समुद्राचे घड्याळ

रेल्वे-बसच्या वेळापत्रकाइतकेच महत्त्वाचे वेळापत्रक भरती-ओहोटीचे असते, आणि मोटार नसलेल्यांसाठी ते दुप्पट महत्त्वाचे, कारण एका गावाहून शेजारच्या गावाला जाण्याचा त्यांचा सर्वांत सुंदर रस्ता म्हणजे ओली वाळू, आणि भरतीच्या वेळी तो रस्ता अस्तित्वातच नसतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी आठला ओहोटी पूर्ण झाली असेल, तर तिसऱ्या दिवशी ती पावणेदहाच्या सुमारास होईल. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते आणि हा फरक कमी होतो. काही समुद्रांत दिवसातून एकदाच भरती येते. भूमध्य समुद्रात पातळीतला फरक बहुतेक ठिकाणी जाणवतही नाही, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरच्या घरात जातो. तेव्हा दुसऱ्या किनाऱ्यावरचा अनुभव इथे लावू नये आणि त्या ठिकाणचा भरती-ओहोटीचा तक्ताच पाहावा.

तक्ता मिळाला की चालण्याची वेळ अशी ठरवावी. ओहोटी पूर्ण होण्याच्या साधारण दोन तास आधी निघावे, म्हणजे पाणी उतरत असताना आपण पुढे जातो आणि ते चढू लागण्याच्या सुमारास परत फिरतो. त्या वेळी पाण्याजवळची वाळू ओली आणि घट्ट असते. कोरड्या, मऊ वाळूत चालायला घट्ट जमिनीच्या मानाने दुपटीच्या आसपास शक्ती लागते, आणि दोन किलोमीटरांनंतर निवांतपणाची भाषा उरत नाही. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही, हेही ध्यानात असावे. पहिल्या तासात ते थोडेच चढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण चढीपैकी सुमारे निम्मे पाणी आत येते. कड्याखालचा किंवा दोन भूशिरांमधला किनारा याच वेळेत परतीची वाट तोडतो. बाहेर पडायला जिना किंवा पायवाट कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर भूशिराला वळसा घालून पलीकडे जाऊ नये.

वाऱ्याचीही ठरलेली लय असते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून उन्हे चढली की समुद्राकडून खारे वारे वाहू लागतात आणि दुपारी त्यांचा जोर वाढतो. रात्री उलट दिशेने मतलई वारे वाहतात. म्हणून बोटीची फेरी किंवा सायकल सकाळसाठी राखावी. सायकल भाड्याने घेतलीच, तर जाताना वारा समोरून आणि येताना पाठीशी राहील अशी दिशा धरावी. थकल्यावर वाऱ्याशी झुंजणे दोघांच्याही स्वभावाला मानवत नाही.

पोहायचे असेल तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच पोहावे. अनेक देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहण्यासाठी असतो आणि लाल झेंडा धोका सांगतो. तरी स्थानिक फलक वाचावा. पाण्याचा प्रवाह आत ओढू लागला, तर त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे धडपडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे आणि मग वळावे. ते जमत नसेल तर तरंगत राहून हात हलवावा.

दिवसाला एकच गोष्ट

प्रत्येक पूर्ण दिवसासाठी एकच ठरलेली गोष्ट असावी, मग ती ओहोटीतली पायपीट असो, बोटीची फेरी असो किंवा शेजारच्या गावाला बसने जाऊन येणे असो. बाकीचा दिवस जाणीवपूर्वक मोकळा ठेवावा आणि तो मोकळा आहे म्हणून अपराधी वाटून घेऊ नये. नवख्यांना हे सर्वांत कठीण जाते.

वाढदिवसाच्या संध्याकाळचे जेवण पायी परतता येईल अशा ठिकाणी ठेवावे आणि टेबल सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीचे घ्यावे. उष्ण कटिबंधात सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडू लागतो, तर उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात संधिप्रकाश कितीतरी लांबतो. परतीच्या वाटेवर दिवे आहेत का, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे आणि लहान विजेरी जवळ बाळगावी. एकाने दुसऱ्याला सुखद धक्का द्यायचाच असेल, तर तो जेवणात, खोलीत किंवा भेटवस्तूत द्यावा. प्रवास गुपित ठेवू नये, कारण तिकिटे, वेळा आणि टॅक्सीचे क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असायला हवेत, आणि पायात कोणते जोडे घालायचे हे ज्याला माहीत नाही, त्याची पहिली दुपार चांगली जात नाही.

पावसाच्या दिवसासाठी वेगळी धावपळ नको. किनाऱ्याला लागून जाणारी रेल्वे किंवा बस असेल, तर खिडकीजवळची जागा धरून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यावे. ती स्वतःच एक सहल होते.

सामान

प्रत्येकी एकच बॅग घ्यावी, आणि ती भरून घरच्या दोन जिन्यांवरून न थांबता वर नेऊन पाहावी. नेता आली नाही तर सामान जास्त आहे. चाकांची बॅग वाळूत आणि दगडी फरशीवर निकामी ठरते, म्हणून पाठीवरची बरी. वारा अडवणारे पातळ जाकीट, भिजले तरी चालतील असे चालण्याचे जोडे, पाण्याची बाटली, थोडी रोख रक्कम आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन एवढे आवश्यक आहे. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परावर्तित करते, त्यामुळे छत्रीखाली बसलेल्याची त्वचाही भाजते.

निघण्याचा दिवस

परतीच्या आदल्या संध्याकाळी टॅक्सीचालकाला फोन करून वेळ पक्की करावी आणि दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांत बदल आहे का, हे पाहावे. सामान यजमानाकडे ठेवता येणार असेल, तर दुपारची किंवा संध्याकाळची रेल्वे घ्यावी, म्हणजे खोली सोडल्यानंतरही समुद्रकाठी चार-पाच तास मिळतात. मात्र त्या दिवशी समुद्रात उतरायचे झाल्यास अंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोय कुठे आहे, हे खोली सोडण्यापूर्वीच विचारून ठेवावे. वारा वाढल्याची सूचना मिळाली असेल आणि परतीचा मार्ग बोटीचा असेल, तर ठरलेल्या फेरीची वाट न पाहता आधीच्या बोटीने निघावे आणि उरलेला वेळ पलीकडच्या धक्क्याजवळ घालवावा.